प्रयोगशाळेतलं आतडं : कुठवर आलं, आणि कुठे अडलं?

(मंचाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. लिहून काढताना स्लाइड्सचे उल्लेख गाळले आहेत.)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'प्रयोगशाळेत तयार होणारे अवयव'. पाऊण तासात एवढं सगळं सांगायचं म्हणजे नुसती यादी वाचून दाखवावी लागेल, म्हणून त्यांच्या परवानगीने मी विषय पोटापुरता ठेवला आहे. अन्ननलिका, आतडं आणि थोडंसं स्वादुपिंड. आतड्याच्या पेशी वाढवणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे या क्षेत्राबद्दल मला जिव्हाळा आहे. तेव्हा माझं बोलणंही थोडं पारखूनच घ्या.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, या क्षेत्रात खरोखर काय जमलं आहे आणि काय जमलेलं नाही. दुसरी, या दोहोंमधल्या अंतरात कोण दुकान थाटून बसतं आणि आपण त्याबाबतीत काय करू शकतो.

गरज कोणाला?

मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. आतड्याला पीळ पडला, रक्तवाहिनीत गुठळी झाली, क्रोन्स आजारात पुन्हा पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, तर त्याचा मोठा भाग कापून काढावा लागतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये कधी कधी आतड्याचा भाग कुजतो, तिथेही हाच प्रसंग येतो. मोठ्या माणसात दोन मीटरपेक्षा कमी लहान आतडं उरलं तर त्या अवस्थेला 'शॉर्ट बॉवेल' म्हणतात. माणूस जेवतो, पण अन्न अंगी लागत नाही. पाणीसुद्धा लागत नाही.

१९६८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या स्टॅनली डुड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून संपूर्ण आहार देण्याची पद्धत सिद्ध केली. तिला टीपीएन म्हणतात. त्याआधी असे रुग्ण उपाशीपोटी मरत. टीपीएनने ते जगू लागले, पण रोज रात्री दहा-बारा तास छातीजवळच्या नळीला जोडलेले. नळीतून जंतू रक्तात शिरण्याची भीती कायमची, आणि वर्षानुवर्षं असा आहार घेतला की यकृत खराब होण्याचा धोका.

दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्याचं आतडं बसवणं. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत अशी प्रत्यारोपणं वर्षाला शंभराच्या आसपासच होतात. आतड्यात रोगप्रतिकारक पेशींचा मोठा साठा असतो, त्यामुळे शरीर ते नाकारण्याची शक्यता मूत्रपिंडापेक्षा बरीच जास्त. पाच वर्षांनंतर बसवलेल्या आतड्यांपैकी साधारण निम्मीच काम करत असतात. म्हणूनच रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून आतडं करता आलं तर हवंच आहे. ही हौसेची गोष्ट नाही.

मांडव आणि वेल

१९९३ साली रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकान्टी यांनी 'सायन्स' मासिकात टिश्यू इंजिनियरिंगची रूपरेषा मांडणारा लेख लिहिला. कल्पना आपल्या परसातल्या दोडक्याच्या वेलासारखी आहे. शरीरात विरघळून जाईल अशा पदार्थाचा मांडव घालायचा, त्यावर रुग्णाच्या पेशींचा वेल चढवायचा. वेल स्वतःच्या आधाराने उभा राहील तोवर मांडव विरघळून गेलेला असेल.

कातडीच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जमलं. भाजलेल्या रुग्णांवर त्यांच्याच पेशींपासून वाढवलेले कातडीचे पातळ पापुद्रे १९८०च्या दशकापासून वापरले जात आहेत. मग आतड्याचं एवढं काय अवघड?

एक, आतडं ही नुसती नळी नाही. आतल्या बाजूला अस्तर, त्यावर बोटांसारखे बारीक उंचवटे, त्यांच्या मुळाशी खळगे. अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं जाळं. त्याबाहेर स्नायूंचे दोन थर, एक आडवा वेढा घालणारा आणि एक उभा. त्या थरांमध्ये मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं, कोट्यवधी पेशींचं. अन्न पुढे ढकलायचं कधी, थांबवायचं कधी, हे बरंचसं तिथल्या तिथे ठरतं.

दोन, रक्तपुरवठा. पेशीला जवळच्या केशवाहिनीपासून फार तर मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतक्या अंतरावर राहता येतं. त्यापलीकडे प्राणवायू पोचत नाही. कातडीचा पापुद्रा पातळ असल्यामुळे पहिले काही दिवस खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो. बोटभर जाडीचं आतडं तसं तगत नाही, आतून मरायला लागतं.

तीन, आतड्यात कोट्यवधी जीवाणू असतात. कुंपण पूर्ण व्हायच्या आत शेत उघडं राहिलं तर काय होतं, ते शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायला नको.

काय जमलं?

आपल्या आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. हे काम खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी करतात. २००९ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी घेऊन, तिला योग्य रसायनं देऊन, तिच्यापासून खळगे आणि उंचवटे असलेला अस्तराचा छोटासा गोळा वाढवला. याला ऑर्गनॉइड म्हणतात. आकाराने मोहरीपेक्षा लहान, पण त्यात आतड्याच्या अस्तरातल्या निरनिराळ्या पेशी आपापल्या जागी बसलेल्या.

२०११ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या गटाने वेगळी वाट धरली. गर्भात आतडं ज्या क्रमाने घडतं तेच संकेत मानवी मूळ पेशींना देऊन त्यांनी महिनाभरात आतड्याचा तुकडा घडवला. त्यात अस्तराबाहेरच्या काही पेशीही होत्या, पण मज्जापेशी नव्हत्या. त्या २०१७ साली वेगळ्या वाढवून आत घालता आल्या आणि तो तुकडा आकुंचन पावू लागला.

२०२० साली लंडनच्या गटाने आजारी मुलांच्या आतड्यातून घेतलेल्या पेशी वाढवल्या आणि पेशी धुऊन काढलेल्या आतड्याच्या मांडवावर चढवल्या. मोठ्या आतड्याचा मांडव घेतला तरीही त्यावर लहान आतड्याचं अस्तर वाढलं, आणि ते साखर व प्रथिनांचे तुकडे शोषू लागलं. उंदरांच्या शरीरात ते तुकडे काही काळ तगले.

२०२१ साली टोकियोच्या केयो विद्यापीठात सातो यांच्या गटाने केलेला प्रयोग मला सर्वांत आवडतो. संपूर्ण आतडं घडवण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. उंदराच्या जातीतल्याच रॅटचं मोठं आतडं घेतलं. त्याचे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या सगळं तसंच ठेवलं, फक्त अस्तर काढलं आणि त्याजागी लहान आतड्याचे ऑर्गनॉइड पेरले. मग तो तुकडा अन्नाच्या वाटेत जोडला. उंचवटे वाढले, चरबी वाहून नेणाऱ्या वाहिन्याही तयार झाल्या आणि शॉर्ट बॉवेल असलेल्या रॅटना त्याचा फायदा झाला. घर पाडून नवं बांधण्याऐवजी फक्त फरशी बदलली, असं म्हणा.

माणसांचं काय? टोकियोच्याच महिला वैद्यकीय विद्यापीठात गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशींची पातळ चादर तयार करतात. ज्या बशीत ती वाढवतात तिचा पृष्ठभाग असा की सदतीस अंशांना पेशी चिकटून राहतात, गार केली की चादर अलगद सुटते. अन्ननलिकेतला सुरुवातीचा कर्करोग दुर्बिणीतून खरवडून काढल्यावर तिथे अशी चादर अंथरली. २०१२ साली छापलेल्या अहवालात नऊ रुग्ण होते. जखम भरताना अन्ननलिका आकसून गिळणं बंद होण्याची जी भीती असते, ती एकाच रुग्णाच्या बाबतीत खरी ठरली. त्याची जखम नळीला पूर्ण वळसा घालणारी होती.

२०२२ साली तेव्हाच्या टोकियो मेडिकल अँड डेंटल विद्यापीठाने अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाच्या मोठ्या आतड्यावर त्याच्याच ऑर्गनॉइडचं रोपण केल्याचं जाहीर केलं.

स्वादुपिंडाकडेही पाहू. २०२५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये टाइप वन डायबिटीसच्या रुग्णांवरचा अहवाल आला. मूळ पेशींपासून तयार केलेल्या, इन्सुलिन करणाऱ्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडल्या. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. मात्र शरीराने त्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात. आणि आपल्याकडे घरोघरी असतो तो टाइप टू डायबिटीस, हा उपचार त्याच्यासाठी नाही. हे स्पष्ट सांगते, कारण चहाच्या वेळी मला पहिला प्रश्न हाच येणार आहे.

ही सगळी उदाहरणं एकत्र ठेवली की एक गोष्ट दिसते. यश तिथे मिळालं जिथे एकच थर किंवा एकच काम मागितलं. अस्तर जमतं. एका प्रकारची पेशी जमते. पण माणसात वर्षानुवर्षं अन्न पचवेल आणि पुढे ढकलेल, असं प्रयोगशाळेत घडवलेलं संपूर्ण आतडं आजवर कोणाच्याही पोटात बसलेलं नाही. आणखी एक अडचण वर्तमानपत्रांत सहसा येत नाही. ऑर्गनॉइड वाढवण्यासाठी जी जेली बहुतेक प्रयोगशाळा वापरतात ती उंदराच्या गाठीपासून काढलेली असते. तशी जेली माणसाच्या शरीरात घालणं कोणालाच नको आहे. तिला पर्याय शोधण्यात कितीतरी लोकांची वर्षं चालली आहेत.

घाई केली की काय होतं

२०११ साली स्वीडनमध्ये, कॅरोलिन्स्का संस्थेत काम करणारे सर्जन पाओलो माकियारिनी यांनी एका रुग्णाला प्लॅस्टिकची श्वासनलिका बसवली. तिच्यावर रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी चढवल्या होत्या आणि त्या नळीचं जिवंत श्वासनलिकेत रूपांतर होईल असा दावा होता. जगभर बातम्या झाल्या. ते रूपांतर झालं नाही. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे मरण पावले.

हे उदाहरण आजच्या विषयाबाहेरचं नाही, कारण याच गटाने २०१४ साली रॅटमध्ये अन्ननलिका तयार केल्याचा लेखही छापला होता. तो २०१७ साली मागे घेण्यात आला. कॅरोलिन्स्कातल्याच चार डॉक्टरांनी २०१४ साली तक्रार केली होती. बाहेरच्या तज्ज्ञाने चौकशी करून गैरवर्तन झाल्याचं सांगितलं, तरी २०१५ साली संस्थेच्या प्रमुखांनी माकियारिनींना दोषमुक्त ठरवलं. २०१६ च्या सुरुवातीला स्वीडिश टीव्हीवर माहितीपट आला, तेव्हा कुठे चक्रं फिरली. त्यांना नोकरीवरून काढलं, संस्थाप्रमुखांनीही पद सोडलं. २०२३ साली वरच्या न्यायालयाने माकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली.

आपण इथे बुवाबाजीवर अनेकदा बोललो आहोत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने महाराष्ट्रात चमत्काराचा दावा करणाऱ्याला जाहीर आव्हान देण्याची रीत पाडली: तुझा दावा आहे, तर पुरावाही तूच दे. ही रीत भगव्या कफनीपुरती ठेवायचं कारण नाही. नोबेल पारितोषिक ठरवणाऱ्या संस्थेच्या आवारातला पांढरा कोटसुद्धा त्याच नियमाखाली यायला हवा होता. सुदैवाने विज्ञानाच्या घरातलेच चार जण तो नियम लावायला उभे राहिले. त्यांना त्याचा त्रासही भोगावा लागला.

सांगलीचा फोन

दीड वर्षापूर्वी सांगलीहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. तिच्या दिराचं, एकतीस वर्षांच्या मुलाचं, पीळ पडलेलं आतडं कापावं लागलं होतं. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने स्टेम सेलने आतडं 'पुन्हा वाढवून' देतो म्हणून अकरा लाख सांगितले होते. घरच्यांनी शेताचा तुकडा विकायला काढला होता. "ताई, तू त्यातच काम करतेस ना? खरं असेल ना गं हे?"

तिने माहितीपत्रक पाठवलं. त्यावरची चित्रं ऑर्गनॉइडची होती, अगदी शास्त्रीय मासिकात शोभावीत अशी. प्रत्यक्षात क्लिनिक देणार होतं पोटावरच्या चरबीतून काढलेल्या पेशींचं सलाइन. चरबीतल्या पेशी शिरेतून सोडल्या की बहुतेक फुप्फुसातच अडकतात. त्यांच्यापासून आतड्याचं अस्तर तयार होतं याला पुरावा नाही. चित्र आमच्या कामाचं आणि इंजेक्शन भलतंच. आमच्या क्षेत्राने कमावलेली पत अशी दुसऱ्याच्या गल्ल्यात जाते, याचा मला राग आला. पण राग येऊन त्या घराचा काही उपयोग नव्हता. मी तिला चार प्रश्न लिहून दिले. तुम्हीही ते जपून ठेवा.

१. कोणत्या पेशी, कुठून काढलेल्या, आणि आतड्यात पोचून त्या नेमकं काय करणार?

२. ही मान्यताप्राप्त चाचणी आहे का? भारतात चाचणीची सीटीआरआयमध्ये नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा, नीतिसमितीची आणि औषध नियंत्रकांची परवानगी मागा. केवळ नोंदणीवर थांबू नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचल्यामुळे तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचं २०१७ साली छापून आलं. तो उपचारही सरकारी संकेतस्थळावर 'चाचणी' म्हणून नोंदलेला होता.

३. प्रयोग असेल तर पैसे कसले? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य अपवाद सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करावा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत.

४. आधीच्या किती रुग्णांचं टीपीएन कमी झालं, आठवड्यातल्या किती रात्रींनी, किती महिन्यांनी? किती जण दगावले? हे कुठे छापलं आहे?

क्लिनिकचं उत्तर फोनवर आलं. माहिती गोपनीय आहे आणि या महिन्यात दोनच जागा उरल्या आहेत. तेवढ्याने घरच्यांना कळायचं ते कळलं. शेत विकलं नाही. तो मुलगा बरा झाला असं मात्र मी सांगणार नाही. त्याला आठवड्यातून पाच रात्री टीपीएन लागत होतं, आता तीन रात्री लागतं. उरलेलं आतडं दोन-एक वर्षं हळूहळू जुळवून घेत असतं, हा त्याचाच परिणाम. त्याचं रोजचं औषध म्हणजे थोडं थोडं खाणं आणि घोट घोट मीठ-साखरेचं पाणी.

साध्या गोष्टींचं मोल

त्या मीठ-साखरेच्या पाण्याला कमी लेखू नका. अस्तरातला एक पंप साखर आणि मीठ जोडीने आत ओढतो, पाणी त्यांच्या मागोमाग येतं. त्या तत्त्वावर दिलीप महालनोबीस यांनी १९७१ साली बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. लहान आतड्याचं अस्तर प्रयोगशाळेत वाढवलं की ते साखर शोषतं की नाही हे आम्ही तपासतो, म्हणजे त्याच यंत्रणेची परीक्षा घेतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शॉर्ट बॉवेल असलेल्या मुलांचं आयुष्य ज्यांनी सुधारलं त्या गोष्टी पाहा. टीपीएनमध्ये माशाच्या तेलाचा वापर, ज्याने यकृत वाचतं. अमेरिकेत त्याला २०१८ साली मान्यता मिळाली. २००३ साली बोस्टनमध्ये पुढे आलेली, फुगलेलं आतडं नागमोडी कापून लांब करणारी शस्त्रक्रिया. नळी हाताळताना कटाक्षाने पाळलेली स्वच्छता. आहारतज्ज्ञ, नर्स, सर्जन यांनी एकत्र बसून घेतलेले निर्णय. यांच्या बातम्या होत नाहीत. अस्तराची वाढ करवणारं टेड्युग्लुटाइड हे औषध अमेरिकेत २०१२ साली मान्य झालं, पण बाजारात आलं तेव्हा त्याचा वर्षाचा खर्च तीन लाख डॉलरच्या घरात होता. उद्या रुग्णाच्या पेशींचं आतडं खरोखर तयार झालं आणि त्याची किंमतही अशीच ठरली, तर सांगलीच्या घराला त्याचा उपयोग काय? या संशोधनाचा पाया बऱ्याच अंशी करदात्यांच्या पैशांवर उभा आहे. किमतीचा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो आजपासून विचारायला हवा.

शेवटी एक प्रस्ताव. आपल्या मंचात जीवशास्त्र, वैद्यक, औषधनिर्मिती, संख्याशास्त्र यांत काम करणारे निदान दहा-बारा जण आहेत. मायदेशातून कोणाच्याही घरी असं माहितीपत्रक आलं तर त्यांनी ते वाचून, दोन आठवड्यांच्या आत, साध्या मराठीत, दोन पानांचं उत्तर द्यावं. औषध सुचवायचं नाही, डॉक्टरची जागा घ्यायची नाही. फक्त दावा काय आणि त्याला पुरावा किती, एवढंच. पहिलं वर्षभर त्यातला वेळखाऊ भाग मी करीन. नाव द्यायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठा.

आता प्रश्न विचारा, अडचणीचे असतील तर आधी.